बाबांचा धर्मकीर्ती

माझे वडील गणपत रामटेके जबलपुरात रांझीजवळच्या फॅक्टरीत छत्तीस वर्षं तपासणीच्या कामावर होते. मशीनवरून उतरलेला तुकडा गेजला लावायचा. बसला तर या पेटीत, नाही तर त्या. पाळी संपली की सायकलने क्वार्टरवर यायचं, आंघोळ करायची आणि जेवणाआधी दोन तास धर्मकीर्ती वाचायचा.

धर्मकीर्ती सातव्या शतकातला, बौद्ध परंपरेतला फार मोठा तर्कपंडित. त्याचे बरेचसे मूळ संस्कृत ग्रंथ आपल्याकडून नाहीसे झाले आणि शेकडो वर्षं तिबेटी भाषांतरांतच टिकून राहिले. बाबांना हे ऐन तिशीत कळलं, नागपूरला दीक्षाभूमीबाहेर पुस्तकं चाळताना. "आपला माणूस, आणि त्याले भेटायला दुसऱ्याच्या घरी जा लागते," ते सांगायचे. "म्हटलं, मंग जाऊ ना."

त्यासाठी त्यांना ल्हासाला जावं लागलं नाही. दर हिवाळ्यात जबलपूरला तिबेटी लोक स्वेटर विकायला येतात. त्यांच्यातले लोबसांगजी तरुणपणी भिक्षू होते. पाळी सुटली की बाबा त्यांच्या दुकानात जाऊन बसत. गिऱ्हाईक आलं की स्वेटर दाखवत, गेलं की अक्षरं गिरवत. असे अकरा हिवाळे गेले. माझ्या लहानपणीचे सगळे स्वेटर त्याच दुकानातले आहेत.

तिबेटीतून बाबा मराठीत लिहीत. फॅक्टरीत हिंदी, बाजारात हिंदी, माझ्या शाळेतही हिंदीच. मराठी फक्त आमच्या दोन खोल्यांत होती. मी मराठी वाचायला बाबांच्या वह्यांवरच शिकले. विहारातले लोक त्यांना म्हणत, "रामटेकेजी, बाबासाहेबांनी सगळं सोपं करून ठेवलं, तुम्ही हे कठीण काहून काढून राहिले?" बाबा हसत आणि चहा पाजत. गणपत नावाचा बौद्ध म्हणूनही लोक त्यांची थट्टा करत. जन्म धर्मांतराच्या तीन वर्षं आधीचा. नाव राहून गेलं.

ते निवृत्त झाले तेव्हा एकोणीस वह्या भरल्या होत्या. पहिल्या सात वह्यांत धर्मकीर्तीचं चरित्र आणि त्याच्या विचारांची ओळख होती. त्या सात मी टाइप केल्या. मी तेव्हा एम.ए. करत होते, आणि बाबा शेजारी बसून मला समजावून सांगत.

धर्मकीर्तीच्या परंपरेत एक अवघड कल्पना आहे. शब्दाचा अर्थ म्हणजे काय? 'गाय' म्हटलं की कुठलीतरी 'गाय' नावाची वस्तू हाती येत नाही. जे जे गाय नाही ते बाजूला होतं, आणि उरतं त्याला आपण गाय म्हणतो. माझ्या प्राध्यापकांनी हे तीन तासांत शिकवलं होतं आणि मला कळलं नव्हतं. बाबांनी खिशातून जुना गेज काढला. त्याला दोन टोकं होती.

"हे टोक भोकात गेलं पाहिजे. हे दुसरं जाता कामा नये. गेलं, आणि नाही गेलं, तं तुकडा पास. आता सांग, तुकड्याचं माप किती?"

"ते कसं सांगू? गेजवर आकडेच नाहीत."

"हं. गेज माप सांगतच नाही. हा जास्त नाही, हा कमी नाही, एवढंच सांगते. तरी छत्तीस वर्षं आमचं काम त्याच्यावर चाललं. शब्द तसा असते."

हे त्यांनी वहीतही तसंच लिहिलं होतं. नागपूरच्या दोन प्रकाशकांकडे मी ते बाड पाठवलं. एकाने उत्तर दिलं नाही. दुसऱ्याने विचारलं, लेखक कोणत्या विद्यापीठात आहेत.

बाबांनी त्या पत्राची घडी घातली. "धर्मकीर्तीचं पुस्तक पंडितांनी कुत्र्याच्या शेपटीले बांधलं होतं म्हणे," ते म्हणाले. "तिबेटी लोक सांगतात. तो म्हणाला, बरं झालं, कुत्रं गल्लोगल्ली फिरेल, पुस्तक सगळीकडे जाईल." आणि मग, "आपल्याजवळ तं कुत्रंही नाही."

मला ते ऐकवलं नाही. म्हणून मी ती फाइल पुराणिक सरांना दिली.

डॉ. शैलेंद्र पुराणिक एका खाजगी विद्यापीठातल्या बौद्ध अध्ययन केंद्राचे प्रमुख. भोसल्यांच्या काळात चाकरीसाठी जबलपूरला आलेलं त्यांचं घराणं. मराठी अजून घरात होती, स्वच्छ, पुस्तकी. मी त्यांच्या केंद्रात संशोधन सहायक म्हणून लागले होते. करार एका वर्षाचा. दर जूनमध्ये सर शिफारस करणार, मग पुढचं वर्ष. सर वाईट माणूस होते असं मला आजही म्हणता येत नाही. आईला बरं नव्हतं तेव्हा ते स्वतःची गाडी घेऊन रांझीला आले होते. आमच्याकडे चहा प्याले, बाबांना वाकून नमस्कार केला.

आठवड्याभरात त्यांनी मला अधारतालच्या घरी बोलावलं. बाड टेबलावर होतं, प्रिंट काढून, पेन्सिलच्या खुणांसकट.

"क्षमा, हे विलक्षण आहे. तुझ्या वडिलांनी हे सगळं एकट्याने केलं?"

"हो सर."

"पण मराठीत कोण वाचणार इथे? तू एक कर. याचं हिंदी कर. म्हणजे पुढे काय करता येईल ते बघू. मी प्रस्तावना लिहीन."

मी सात महिने रोज संध्याकाळी ते काम केलं. बाबांना सांगितलं नाही, कारण मला त्यांच्या हातात एकदम छापलेलं पुस्तकच द्यायचं होतं. इतकं मी प्रामाणिकपणे सांगू शकते. त्यानंतरचं तसं सांगता येत नाही.

प्रुफं आली ती माझ्याच टेबलावर. मुखपृष्ठावर डॉ. शैलेंद्र पुराणिक. आत प्रकरणं बाबांची, क्रम थोडा बदललेला, सुरुवातीला आणि शेवटी सरांची चाळीस-चाळीस पानं. ऋणनिर्देशात दोन कुलगुरू, एक अनुदान समिती, सरांच्या पत्नी. सगळ्यात खाली एक ओळ: 'टंकण-सहयोग : सुश्री क्षमा रामटेके.'

मी आत गेले. सर फोनवर होते. त्यांनी हाताने बसायची खूण केली. मी बसले. फोन संपल्यावर ते म्हणाले, "प्रुफं बघितलीस? काही राहिलंय का?"

माझ्या तोंडून निघालं, "सर, बाबांचं नाव..."

"अगं, ते आहेच मनात. दुसऱ्या आवृत्तीत स्वतंत्र टीप देऊ. आत्ता असं आहे, अनुदानाच्या अटीत लेखक केंद्रातलाच लागतो. आणि तुझी स्थायी पदाची फाइलही त्याच समितीकडे आहे. आत्ता घोळ नको."

आवाज अगदी प्रेमळ होता. मी 'जी सर' म्हणाले आणि प्रुफं तपासून दिली. मनाशी ठरवलं, जून होऊ दे, मग बोलेन. तो नोव्हेंबर होता.

फेब्रुवारीत केंद्राचं चर्चासत्र आणि पुस्तकाचं विमोचन एकाच दिवशी ठेवलं. सरांनी बाबांना निमंत्रण पाठवलं: विशेष सत्कार. आईने ते पत्र देव्हाऱ्यासारख्या आमच्या कोनाड्यात, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंमध्ये उभं करून ठेवलं. बाबांना तिने बडा फुहाऱ्याच्या बाजारात नेऊन राखाडी जॅकेट घेऊन दिलं. बाबांनी वीस मिनिटांचा निबंध तयार केला, हिंदीत, मोठ्या अक्षरांत. मी कार्यक्रमपत्रिका पाहिली होती. त्यांचा निबंध त्यात नव्हता. तरी मी त्यांना तो वाचून दाखवायला लावला आणि दोन ठिकाणी व्याकरण सुधारून दिलं.

त्या दिवशी मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून नेलं. निबंध जॅकेटच्या आतल्या खिशात होता. रस्ताभर तो पडत तर नाही ना, हे ते चाचपून बघत होते.

सत्कार आधी झाला. शाल, श्रीफळ. सूत्रसंचालकाने सांगितलं की एक साधारण कामगार फॅक्टरीतून थकून आल्यावरही ज्ञानाची आस धरतो, हे किती प्रेरणादायी आहे. बाबांनी खिशात हात घातला. सूत्रसंचालकाने हळूच त्यांच्या कोपराला धरून खुर्चीकडे वळवलं. बाबांना वाटलं निबंध नंतर असेल. ते बसले.

मग सर बोलायला उभे राहिले. छान बोलत. धर्मकीर्ती एका ब्राह्मण पंडिताच्या घरी नोकर बनून राहिला आणि त्या घराची विद्या आतून शिकला, ही तिबेटी कथा त्यांनी सांगितली. सभागृह रंगलं. मी तिसऱ्या रांगेत होते. बाबांचा चेहरा मला बाजूने दिसत होता. सुरुवातीला ते मान डोलवत होते, आपल्या ओळखीचं कोणी भेटावं तसे. मग मान थांबली.

"आप सोचिए," सर म्हणाले, "कारख़ाने में एक गेज होता है, जिससे पुर्ज़े का ठीक-ठीक माप निकाला जाता है। शब्द भी ऐसा ही गेज है..."

बाबा उभे राहिले. मंचावरच, शाल अंगावर.

"माप नहीं निकलता," ते म्हणाले.

"जी?"

"गेज से माप नहीं निकलता, साहब। गेज सिर्फ़ इतना बताता है कि ज़्यादा नहीं है, कम नहीं है। माप निकलता तो बात ही उलटी हो गई। धर्मकीर्ती यही तो कह रहा है।"

सरांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं, आणि मग ते मोकळं हसले. "देखिए! किताब मैंने लिखी, पर गेज तो रामटेकेजी ने ही चलाया है।"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बराच वेळ. मागच्या रांगेतल्या मुलांनी मोबाइल वर धरले. बाबा उभेच होते. टाळ्या कशाला, ते त्यांना कळत नव्हतं. त्यांनी सभागृहात मला शोधलं. मी सापडले. मला फक्त उठायचं होतं. हे पुस्तक यांचं आहे, एवढंच वाक्य. मी मांडीवरच्या कार्यक्रमपत्रिकेकडे बघितलं.

बाबा खाली बसले.

परतताना ते भेट म्हणून मिळालेलं पुस्तक मांडीवर धरून बसले होते. घरी आईने विचारलं, "काय म्हणाले तुम्ही? सगळ्यांनी ऐकलं?" बाबा म्हणाले, "हो, टाळ्या वाजल्या."

पुढचे बारा दिवस ते पुस्तक वाचत होते, पेन्सिल घेऊन. मी कामावर जाई, परत येई, ते खिडकीपाशी तसेच बसलेले. आईला एव्हाना समजलं होतं. स्वयंपाकघरात माझा हात धरून ती दबक्या आवाजात म्हणाली, "तू तं तिथंच होती ना? काहून नाही बोलली?"

"आई, जूनमध्ये माझं पक्कं होणार आहे. मग बोलते."

"मंग," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता. हात सोडून ती कणीक मळायला लागली.

तेराव्या दिवशी रविवार होता. बाबांनी मला हाक मारली. त्यांच्यासमोर फुलस्केपची नऊ पानं होती. पान, ओळ, चूक, दुरुस्ती. तपासणीच्या कामावर नोंद करायचे तशी.

"एकसष्ट चुका आहेत," ते म्हणाले. "त्याच्या चाळीस-चाळीस पानांतल्या जास्त. हे त्याले देजो. पुढच्या वेळी दुरुस्त करतील."

"बाबा, तुम्ही... तुम्हाला राग नाही आला?"

"थांब. एक पाहायचं आहे." त्यांनी पुस्तक उघडलं. धर्मकीर्ती नोकर म्हणून राहतो ते प्रकरण. "हे वाच."

मी वाचलं. "'वह सबेरे बैलगाड़ी निकालता और दीया-बत्ती के समय ही लौटता।'"

"मी काय लिहिलं होतं?"

मला पाठ होतं. "सकाळी बंडी काढायचा, ते दिवेलागणीलाच घरी यायचा."

"बंडी," बाबा म्हणाले. "आपल्या भंडाऱ्याकडं बंडी म्हणजे बैलगाडी. पुराणिकसाहेबाच्या घरी बंडी म्हणजे अंगात घालाची. हिंदीतही तेच. त्याने केलं असतं तं लिहिलं असतं, सकाळी बंडी उतारता. अन् कोणाले चुकीचं वाटलंही नसतं." त्यांनी चष्मा काढला. "हे बरोबर आलं. सगळ्या पुस्तकात माझे असे शब्द जिथं जिथं आहेत, तिथं तिथं बरोबर आले. एकही चुकला नाही. मी बारा दिवस तेच पाहून राहिलो होतो. एखादा तरी चुकावा."

मी पुस्तक उघडंच त्यांच्यासमोर ठेवलं.

"हिंदी कोणी केलं?"

"मी."

त्यांनी मान हलवली. मग पुस्तकातल्या त्याच ओळीवर बोट ठेवलं. "हे तिबेटीत नाही. तिबेटीत एवढंच आहे की तो पन्नास माणसांचं काम करायचा. बंडी माझ्या बापाची. पाटलाच्या घरी सालदार होता. सकाळी काढायचा ते दिवे लागल्यावरच यायचा. मला वाटलं, धर्मकीर्ती कसा दिसला असेल, तं तो तसा दिसला. वहीत मी समासात लिहिलं होतं, हे माझं आहे म्हणून. इथं छापलं आहे, 'तिब्बती स्रोतों के अनुसार'."

समासातली ती ओळ मी टाइप करायची विसरले होते. सहज राहून गेली होती. एकसष्ट चुकांनंतरची ती बासष्टावी, आणि ती ना सरांची होती ना बाबांची.

"माझ्या बापाले त्यांनी तिबेटी करून टाकलं," बाबा म्हणाले आणि हसले. ते हसणं मला परत बघायचं नाही.

नऊ पानं मी सरांना नेऊन दिली. सर खरंच खूश झाले. "काय माणूस आहे!" ते दोनदा म्हणाले. दुसऱ्या आवृत्तीत सगळ्या दुरुस्त्या आल्या. ती स्वतंत्र टीप आली नाही. मी विचारलं नाही. जूनमध्ये माझं पद पक्कं झालं. पेढे मी आणले. आईने एक उचलला आणि ताटाच्या कडेला ठेवून दिला.

त्या रविवारपासून बाबा माझ्याशी हिंदीत बोलतात. ओरडून नाही, टोचून नाही. आईशी मराठी, माझ्याशी हिंदी. "बेटा, ज़रा पंखा कम कर देना।" "बेटा, तुम्हारा डिब्बा रह गया।" सुरुवातीला मी मराठीत उत्तरं देत राहिले. म्हटलं, थकतील. ते थकले नाहीत. फॅक्टरीत परक्या माणसाशी जसं नीट, आदराने बोलायचे, तसंच माझ्याशी बोलतात. लिहिणं त्यांनी थांबवलं. लोबसांगजी गेल्या वर्षी वारले. त्यांच्या मुलाच्या दुकानात बाबा हिवाळ्यात जाऊन बसतात, पण वही नेत नाहीत.

गेल्या महिन्यात सरांनी मला बोलावलं. प्रकाशक दुसरा खंड मागत होता. "धर्मकीर्तीनंतरचे आचार्य. रामटेकेजींकडे नक्की काहीतरी असणार. तू सहलेखक म्हणून नाव घाल या वेळी. तुझं. हक्काने."

मी घरी आले. बाबा दारात खुर्ची टाकून बसले होते. मी ठरवलं होतं की त्यांना सगळं सांगायचं, सर काय म्हणाले ते, आणि मी नाही म्हणणार आहे तेही. मी मराठीत सुरुवात केली. निम्म्यातच त्यांनी हात वर केला, आत गेले आणि कपाटातून उरलेल्या बारा वह्या काढून आणल्या. सुतळीने बांधलेल्या होत्या. माझ्या पायाशी ठेवल्या.

"ले जाओ," ते म्हणाले. "यहाँ और कौन पढ़ेगा? मराठी तो तुम्हें आती ही है।"

मी नाही म्हणू शकत होते. गठ्ठा उचलून परत कपाटात ठेवू शकत होते. आई आतून बघत होती. मी तो उचलला आणि स्कूटीच्या पायदानावर ठेवला.

आता मी तिसऱ्या वहीवर आहे. रोज संध्याकाळी ऑफिसातच बसते, घरी तो गठ्ठा नेत नाही. काल एका वाक्याशी अडले. एक आचार्य वादाच्या आधी 'खात्याच्या दारात' बसून राहायचा, असं बाबांनी लिहिलंय. सातव्या-आठव्या शतकात कसलं सरकारी खातं? काहीतरी भंडाऱ्याकडचं असणार. मी आईला फोन केला.

"ते तुझ्या बापाले विचार," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बाबा तिच्या शेजारीच बसलेले होते. मागून त्यांचा खोकला ऐकू आला. परत फोन लावायला मी नंबर काढला आणि तसाच बंद केला. सरांना परवा तीन प्रकरणं द्यायची होती. मी लिहिलं, 'विभाग के द्वार पर', आणि पुढच्या ओळीवर गेले.